न चाखलेली माती

माझं माहेर लातूरच्याही पुढे. चौथीत शाळा सुटली, आणि पुढे लग्न होऊन मी नाशिकला कुंभाराच्या घरात आले. माती चाळणं, मळणं सासूबाईंनी शिकवलं, एकदाही न ओरडता. टांग्यांच्या अड्ड्यावरून घोड्यांची लीद आणायची, वाळवून मातीत मिसळायची. मळून झाली की सासूबाई चिमूटभर माती दाताखाली धरायच्या. कचकच लागली की सगळी परत चाळणीवर. त्यांनी चाखल्याशिवाय माती मामंजींच्या चाकावर जात नसे.

त्या उन्हाळ्यात माहेरचं पत्र आलं. अक्षरं जुळवत वाचता वाचता उशीर झाला, म्हणून शेवटच्या दोन पाट्या मी न चाळताच मळून टाकल्या.

"सगळी चाळली ना गं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, आत्याबाई."

"मग काय चाखायची! हात बसला आता तुझा," म्हणत त्या कौतुकानं हसल्या.

माठ भट्टीतून खणखणीत निघाले. पंधरा दिवसांनी देवळाली कॅम्पातली एक बाई गळका माठ घेऊन दारात उभी. तिच्यामागोमाग आणखी तिघीचौघी. मातीत राहिलेले चुनखडीचे खडे पाण्यानं फुगून फुटले होते. माठांना देवी आल्यासारखे खड्डे पडले होते.

मामंजी सासूबाईंवर उखडले. "दात पडले का तुझे? चाखली नव्हती?"

"नाय चाखली," त्या म्हणाल्या. एवढंच.

मी शेजारीच उभी. खरं बोलले तर माहेरी धाडतील, आणि तिथं पाठच्या दोघी लग्नाच्या. मी गळके माठ उचलून कडेला लावू लागले.

"उद्यापासून माती सून बघंल," मामंजी म्हणाले. "तिचं ध्यान असतं कामात."

दुसऱ्या दिवशी मी चिमूट घेऊन सासूबाईंकडे गेले. त्या कच्चा माठ थापटत बसल्या होत्या.

"मला कशाला? तू हायेस ना."

"आत्याबाई, त्या दोन पाट्या मी चाळल्या नव्हत्या."

थापटणं थांबलं नाही. "ठावं हाय मला. मला सांगून काय? तिकडं सांग."

मी चाकाकडे पाहिलं. मामंजी गोळ्यासाठी हाका मारत होते. ती चिमूट मी माझ्याच दाताखाली धरली. माती लोण्यासारखी होती. गोळा उचलला, मामंजींच्या हातात दिला आणि काही न बोलता परत आले.