कॉलरचं बटण

वाल्मीक आहेर तसा वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुमचं मत तसं होण्याचा संभव आहे. नाशिकरोडच्या बाजारगल्लीत आमचं बांगड्यांचं दुकान आणि त्याला लागूनच त्याचा फोटो स्टुडिओ. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे तिकडचं सगळं मला कान न देताही ऐकू येई.

बढाईखोर मात्र पक्का. रोलच्या जमान्यात तो गिऱ्हाइकांना सांगायचा की माझ्याकडे एकदा फोटो काढलेला माणूस हरवत नाही. ते खरंही होतं. प्रत्येक निगेटिव्हच्या पाकिटावर नाव आणि गाव लिहिलेलं असे. घरातलं कुणी गेलं की घोटीकडची, सिन्नरकडची माणसं रडवेल्या तोंडानं यायची आणि हा बरोबर पाकीट काढायचा.

पुढे त्यानं डिजिटल कॅमेरा आणि कॉम्प्युटर घेतला आणि डार्करूममध्ये अडगळ भरली. लग्नाच्या मुलांचे फोटो ही त्याची खासियत. मागे निळा पडदा, अंगात स्टुडिओचाच एक राखाडी कोट, पोरगा बारीक असला तर पाठीमागून कोटाला कपड्यांचे चिमटे. मग कॉम्प्युटरवर पोराला गोरं करायचं, तोंडावरचे डाग-व्रण पुसायचे आणि जागा वाचते म्हणून मूळ फोटोवरच तो नवा फोटो सेव्ह करायचा. पोरं खूश, आईबाप खूश. मीसुद्धा माझ्या भाच्याला तिथूनच गोरा करून आणला होता. मुलीकडच्यांनी पाहायला आल्यावर भाच्यालाच विचारलं, मुलगा कुठाय?

कुसाबाईचा सुनीलही तिथूनच गोरा होऊन गेला. ती इगतपुरीच्या पलीकडच्या एका खेड्यातली, एकटी भाताची शेती करणारी बाई. एकुलता सुनील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला होता. त्याचा फोटो दोन स्थळांकडे गेला, तो काही परत आला नाही. मग मार्गशीर्षात त्याची मोटरसायकल कालव्यात गेली आणि तोही गेला. खिशातल्या गेटपासवरच्या फोटोचा लगदा झाला होता. घरात दुसरा फोटोच नव्हता.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसं, गणपती झाल्यावर, कुसाबाई वाल्मीककडे आली. पोराचा मोठा फोटो करून फ्रेममध्ये घालून दे म्हणाली. हा म्हणाला, मावशी, निश्चिंत राहा, माझ्याकडे सगळं आहे. दसरा होऊ दे, करून देतो.

आणि दसऱ्यालाच घोटाळा झाला. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. तराजू, शिवणयंत्र, रिक्षा सगळ्यांना झेंडू लागतो, तसा कॉम्प्युटरलाही लावला. इथवर ठीक. पण वाल्मीकनं तो चालू करून पडद्यावर सप्तशृंगीची तसबीर आणली होती. नारळ उंबऱ्यावर फोड, असं आशा, त्याची बायको, दोनदा म्हणाली. त्यानं कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्याच डोक्यावर फोडला. मी प्रसादासाठी उभीच होते. नारळाचं पाणी वरच्या फटीतून आत गेलं, जळका वास आला आणि देवी गेली. आशानं झेंडूची माळ तेवढी काढून घेतली.

कॉम्प्युटर दुरुस्त झाला, पण आतली हार्ड डिस्क मेली होती आणि सगळे फोटो तीतच होते. दुसरीकडे कुठे उतरवून ठेवावेत हे त्याला कधी सुचलं नाही. निगेटिव्ह जपणाऱ्या माणसाला सुचू नये याचं मला आजही नवल वाटतं.

कुसाबाई दर बाजाराला यायची. पहिल्यांदा त्यानं लाइट नव्हती असं सांगितलं, मग फोटो लॅबमध्ये दिलाय असं, मग लॅबवाल्याच्या घरी सुतक आहे असं. त्यानंतर ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की हा डार्करूमच्या अडगळीत जाऊन बसे आणि नाही म्हणून सांगायला मी. ती माझ्या पायरीवर बसून वाट पाही. मी चहा देई आणि भिंतीपलीकडे हा श्वास धरून बसलाय हे मला ठाऊक असे. चहा देताना मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी मी त्याला झाडलं. तेव्हा कुठे तो शरणपूर रोडच्या एका जाणकाराकडे डिस्क घेऊन गेला. त्यानं मुंबईहून तशीच दुसरी डिस्क मागवली, तिची सर्किटची पट्टी काढून हिला बसवली आणि आतलं सगळं बाहेर काढलं. वाल्मीक सीडींची चळत घेऊन नाचत आला. पण फोटोंवरची नावं गेली होती, उरले होते नुसते आकडे, तेही उलटसुलट.

तरी काय झालं, तोंडं तर आहेत, असं म्हणून तो शोधायला बसला. दुपार गेली, संध्याकाळ झाली. मग भिंतीपलीकडचा आवाजच बंद झाला म्हणून मी डोकावले. पडद्यावर एक पोरगा, निळा पडदा, राखाडी कोट, गोरापान. पुढचा, तोच कोट, तसाच गोरापान. त्याच्या पुढचाही तसाच. वाल्मीकनं माझ्याकडे पाहिलं नाही. खाली मान घालून म्हणाला, "मंगलाताई, यातला सुनील कोणता ते मला ओळखू येईना."

दुसरा इलाज नव्हता. पुढच्या बाजाराला कुसाबाई आली तेव्हा तो लपला नाही, बाहेरच थांबला आणि तिला आत नेलं. कॉम्प्युटर बिघडला होता, सगळे फोटो मिसळलेत, तुम्हीच ओळखा, असं सांगितलं. मी बाईच्या सोबतीला म्हणून गेले. ती स्टुलावर बसली, पदर सावरला आणि एकेक पोरगा पाहत राहिली. नाय, नाय, ह्यो बी नाय. सगळे संपले. वाल्मीकनं पुन्हा पहिल्यापासून लावले.

दुसऱ्या खेपेला तिनं एकदम हात केला. पडद्याला नाक लागेल इतकी पुढे झुकली. वाल्मीकनं फोटो मोठा केला. कोटाच्या आत शर्टाची कॉलर गळ्यापर्यंत लावलेली आणि वरचं बटण हिरव्या दोऱ्यानं शिवलेलं. तिनं बटणावर बोट ठेवलं. फोटोला जायच्या सकाळी तुटलं, घरात पांढरा दोरा नव्हता, म्हणून लुगड्याच्या दोऱ्यानं तिनंच ते लावलं होतं.

मग बोट वर, तोंडाकडे गेलं आणि तिथं थांबलं.

"बटन माझं हाय. तोंड माझ्या पोराचं नाय."

वाल्मीक घाईघाईनं म्हणाला की तोच आहे मावशी, फोटोत जरा उजळ दिसतोय एवढंच. तिनं विचारलं, त्याच्या भुवईवरची खोक कुठं गेली? लहानपणी विळा लागला होता. वाल्मीकनं माउस हातात घेतला. रंग सावळा करतो, खोक काढून देतो, कोणत्या भुवईवर होती तेवढं सांगा म्हणाला. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण पाय निघेना.

तिनं खोक कुठे होती ते सांगितलं नाही. शांतपणे विचारलं, "दादा, तुझ्याकडं त्यो व्हता ना, खराखुरा? मंग मशीननं खाल्ला का त्याला?"

इतके दिवस त्यानं लाइटला, लॅबला, कॉम्प्युटरला पुढे केलं होतं. आताही हो म्हणाला असता तर तिला पटलं असतं. पण त्यानं माउस सोडून दिला.

"मशीननं काही नाही केलं. मशीननं सगळं परत दिलं. त्याला मीच पुसला, मावशी."

तिनं उठून पिशवी काखेला मारली.

"ह्योच दे फरेम करून. पावण्यांना हार घालाया कायतरी लागंल. माझा माझ्या ध्यानात हाय."