सरोजनं खोडलेला शब्द

काटोलकडची सरोज लग्न होऊन भोपाळला आली, त्याला एकोणीस वर्षं झाली. नवरा मिलिंद चार इमली भागातल्या एका साहेबांची गाडी चालवतो. ती तेव्हापासूनच बिट्टन मार्केटच्या मागं, एका छोट्या कारखान्यात परदेशी दुकानांसाठी कापडी पिशव्या शिवते. मजुरी नगावर. हात असा, की मशीन तिच्याशी हळू आवाजात बोलतंय असं वाटावं. पण नगाचा दर इतकी वर्षं रांगतोच आहे, उभा काही राहिला नाही.

त्या मंगळवारी मालक समीरभाईंनी माल घेणाऱ्या परदेशी कंपनीचा हिंदीत छापलेला कागद आणला. त्यात होतं, जगात कुठंही शिवा, पोट भरेल इतकी मजुरी मिळालीच पाहिजे, असा नियम हवा असेल तर सही करा. सरोज बारावी शिकलेली, म्हणून बाकी सात जणी तिच्या तोंडाकडं बघत होत्या.

"भाभी, सही करा बेशक," समीरभाई म्हणाले, "पण स्वस्त आहात म्हणून काम इथं येतं. महाग झालात तर दुसऱ्या देशात जाईल."

"तिथंही हाच नियम लागेल ना? पाणी उताराकडं पळतं. सगळीकडं सपाट केलं तर पळेल कुठं?"

"पळणार नाही, जिरेल. आठ बायकांच्या जागी एक मोठं मशीन बसवतील."

खोटं बोलत नव्हता मेला. तरी सरोजनं पेन उचललं आणि शेवटची ओळ वाचली: 'मज़दूरी देने की चेष्टा की जाएगी.'

"चेष्टा?" ती उसळलीच. "आमची चेष्टा करणार, आणि वर आमचीच सही?"

शेजारच्या मशीनवरची पिंकी हसून हसून लोटपोट झाली. "अरे दीदी, चेष्टा मतलब कोशिश!"

बाजारात सगळे कोशिशच म्हणतात. चेष्टाचा हा पुस्तकी हिंदी अर्थ सरोजच्या कानावर कधी पडलाच नव्हता. तिचे कान तापले. मग तिनं ओळ पुन्हा वाचली. नुसती कोशिश? कोशिश तर मालकही एकोणीस वर्षं करतोय. तिनं 'देने की चेष्टा की' एवढं खोडलं, वर ठळक 'दी' लिहिलं, म्हणजे ओळ झाली 'मज़दूरी दी जाएगी', आणि खाली सही केली. पाठोपाठ साती जणींनी केल्या.

समीरभाईंनी कागद उजेडात धरला. "खोडाखोड चालत नाही. नवा कागद आला तर बघू."

"कधी येईल?"

"देखते हैं."

पिंकीचं हसू कधीच विरलं होतं. "एका शब्दापायी आठ सह्या वाया घालवल्यात, दीदी. कोशिश तर कोशिश, काहीतरी होतं ना?"

सरोज मशीनवर बसली, पायडल दाबलं, आणि टीप वाकडी गेली. ती ब्लेड घेऊन उसवू लागली. उसवण्याचे पैसे नगात धरत नाहीत.