पाठ नसलेला कॅमेरा

फोर्टमधल्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले तेव्हा काउंटरमागच्या गृहस्थांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, ट्रिप कुठची?"

"कुठचीच नाही. काळाचौकी."

ते हसले नाहीत, हे त्यांचं सौजन्य. चहूबाजूंचं एकदम टिपणारा कॅमेरा घ्यायला येणारी माणसं म्हणे बाइकवरून डोंगरात निघालेली असतात, नाहीतर समुद्राच्या तळाशी. मागच्या काचेवर तशीच चित्रंही लावलेली होती, सगळ्यांत हात पसरून उभा असलेला एक दाढीवाला. मला चाळीतल्या आमच्या खोलीत, उंबऱ्यापासून मोरीपर्यंत, एका संध्याकाळचं चित्रण करायचं होतं. दादाच्या मुलीची हळद होती. चाळ पाडायचं ठरलं होतं, लग्न झालं की खोली रिकामी करायची होती, आणि हॉल परवडत असूनही भाचीने हट्ट धरला होता की हळद इथेच लागणार.

"मग मोबाइल पुरे की," ते म्हणाले. प्रामाणिक माणूस.

"मोबाइलला पाठ असते," मी म्हटलं. "आणि माझी आई नेमकी तिथे उभी असते."

हे नीट कळायला आमच्या घरातल्या लग्नांच्या कॅसेट बघायला हव्यात.

बाबा गेले तेव्हा मी आठवीत होते. ते असेपर्यंत चाळीतल्या प्रत्येक लग्नात घाण्याला आई पुढे. घाणा म्हणजे हळदीच्या आधी पाच सवाष्णी मुसळ धरून हळकुंडं कांडतात आणि कांडता कांडता गाणं म्हणतात. आमच्या मालवणकडच्या बायकांना त्याशिवाय लग्न झाल्यासारखं वाटतच नाही. त्या गाण्यात ओळीओळीला एकेकाचं नाव घ्यायचं असतं. आधी कुळाचा देव, मग गावची देवी, मग मामा, मग आत्या, असं. कुणामागून कुणाचं नाव यायचं आणि कुणाचं राहिलं तर कोण किती दिवस रुसून बसेल, हे सगळं आईच्या डोक्यात पक्कं. बाबा गेल्यावर तिने मुसळ सोडलं. तिला कुणी बाजूला हो म्हटलं नाही, तशी वेळच तिने कुणावर येऊ दिली नाही. आपणहून उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली. पण तिच्याशिवाय गाणं पुढे सरकेना, तेव्हा ती तिथूनच म्हणायला लागली. तेव्हापासून तिचा आवाज चालायचा, हात चालायचा नाही. मला या रीतीचा तेव्हाही राग यायचा आणि आताही येतो.

चाळीच्या खोलीत उंबऱ्याशी दुसरं कोण उभं असतं? व्हिडिओवाला. आत त्याला पाय ठेवायला जागा नसायची. तो खांद्यावर कॅमेरा घेऊन दारात, आणि त्याच्या कोपराला कोपर लावून आई. त्यामुळे आमच्या घरातल्या आणि शेजारपाजारच्या झाडून सगळ्या कॅसेटमध्ये आईचा आवाज सगळ्यांत मोठा आहे आणि आई एकातही नाही. माइक तिच्या तोंडाशी, भिंग दुसरीकडे. माझ्या स्वतःच्या हळदीतही ती नाही. कॅसेटच्या सीडी झाल्या, सीडीवरचं मोबाइलमध्ये आलं, तरी आई आपली नुसती ऐकूच येत राहिली.

माझ्या हळदीची ती कॅसेट बघताना नवऱ्याला दरवेळी हसू फुटतं. कारण त्यात मी आणि मुसळ धरलेल्या पाचही जणी सारख्या कॅमेऱ्याकडे बघतोय. व्हिडिओवाला मधेमधे ओरडतोय, "कॅमेऱ्यात बघू नका हो, हातातल्या कामाकडे बघा!" आम्ही क्षणभर खाली बघतो आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे. "काय पोज देतेयस!" नवरा म्हणतो. मीही हसते. त्या काळी कॅमेऱ्याचं अप्रूपच होतं, नाही म्हणू कशाला?

मोबाइल आल्यावर मी आईला पकडायचा खूप प्रयत्न केला. नुसता फोटो म्हटला तर ती काढून घ्यायची, गणपतीसमोर, गच्चीवर, कुठेही. पण मंगलकार्य म्हटलं की ती माझ्या मागे. मी वळले की तीही वळायची. एका बारशाला आम्ही दोघी फुगडी घातल्यासारख्या जागच्या जागी फिरलो. "माझो फोटो कित्याक होयो तुका?" ती म्हणाली. "सवाष्णींचो काढ." मी चिडून मोबाइल पर्समध्ये टाकला आणि जेवायला बसले.

मग एकदा ऑफिसातल्या मैत्रिणीने तिच्या ट्रेकचा व्हिडिओ दाखवला. बोटाने चित्र सरकवलं की मागचं दिसायचं. मी म्हटलं, मागचं म्हणजे? तर ती म्हणाली, "याला मागचं-पुढचं नसतंच गं. दोन्हीकडे भिंग." त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही. घरी येऊन मी यूट्यूबवर बसले ते आठवडाभर उठलेच नाही. कुठला कॅमेरा पाण्यात चालतो, कुठला थंडीत, कुठल्याचं चित्र पडद्याएवढं मोठं केलं तरी फुटत नाही, सगळं मला तोंडपाठ झालं. उंबऱ्यावर कुठला चालतो हे मात्र कुणी सांगेना.

आणि मग एक गोष्ट कळली. हा कॅमेरा ज्या काठीवर लावतात ती काठी चित्रात दिसतच नाही. दोन भिंगं दोन बाजूंचं टिपतात, दोन्ही चित्रं कडांना सांधली जातात, आणि त्या सांध्यात अगदी जवळचं जे असेल ते नाहीसं होतं. सगळे याचं कौतुक करत होते. मला प्रश्न पडला, काठी नाहीशी होते, तर काठीला चिकटून उभ्या असलेल्या आईचं काय?

दुकानातल्या गृहस्थांना मी हेच विचारलं. त्यांनी नवा कोरा, सगळ्यांत भारी कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि स्वतः त्याच्या कडेला खेटून उभे राहिले. पडद्यावर त्यांचा एक कान गायब, नाक वाकडं आणि चष्मा दीड.

"अर्धी आई घेऊन मी काय करू?" मी जरा मोठ्यानेच म्हणाले. शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

गृहस्थ चांगले होते. त्यांनी चार कॅमेरे काढले आणि चारांच्याही शेजारी उभे राहून दाखवलं. एक स्वस्त होता, पण मी त्यांना काउंटरवरचे दिवे बंद करायला लावले तेव्हा त्यात नुसता चिखल दिसला. आमच्या खोलीत एकच ट्यूबलाइट, तीही कार्याच्या दिवशी हमखास फडफडणार. दुसऱ्याचं चित्र सुरेख होतं पण आवाज डब्यातून आल्यासारखा, आणि आईचा आवाज गमावून चेहरा मिळवायचा हा काही सौदा नव्हे. शेवटी एक जुनं मॉडेल पसंत पडलं. अंगाने बारीक, दोन भिंगं पाठीला पाठ लावलेली, त्यामुळे सांधाही बारीक. त्याच्या शेजारी गृहस्थांचा चष्मा एकच राहिला, नाक तेवढं किंचित सरकलं.

"याहून बरं नाही होणार," ते म्हणाले. "जवळचं कापलं जातं, चार-पाच फुटांवरचं नीट जुळतं. जवळचं माणूस महत्त्वाचं असेल तर त्याला भिंगासमोरच घ्या."

"आणि नवरी सांध्यावर आली तर?"

"लांब असेल तर काही होत नाही. पण मॅडम, नवरी कोण सांध्यावर घेतं?"

मी पैसे दिले आणि पिशवी छातीशी धरून बाहेर पडले.

हळदीच्या दिवशी खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. पलंग गॅलरीत काढलेला, गॅलरीतल्या चपला जिन्यापर्यंत गेलेल्या, मोरीत समोसे झाकून ठेवलेले. मी उंबऱ्याच्या आत, व्हिडिओवाला उभा राहायचा तिथेच, काठीवर कॅमेरा लावला. लगेच सगळ्या बायका त्याच्या एका बाजूला सरकल्या आणि पदर सारखे करू लागल्या. दोन्ही बाजूंचं येतंय, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. "होय, होय," म्हणत त्या आणखी दाटीने त्याच बाजूला बसल्या.

आई आली. कॅमेरा खालीवर बघितला. "ह्येचा तोंड खय असा?"

"दोन्हीकडे आहे. पाठच नाही त्याला."

"गप. पाठ नसलेला काय असता काय?" असं म्हणून तिने नेहमीची जागा घेतली, कॅमेऱ्याच्या कडेला खेटून, एक हात दाराच्या चौकटीवर. बरोबर सांध्यात. मला माहीतच होतं.

मी काठी धरली आणि कॅमेरा पाव वळणाने फिरवला. एक भिंग आईच्या तोंडासमोर आलं, दुसरं भिंतीसमोर. नवरी सांध्यावर गेली.

"अरे काय ह्या!" दादा ओरडला. "नवरी हय आणि तू भिंतीचो फोटो काढतंस?"

"भिंतीचाच काढतेय. तू समोशांचं बघ."

आईने समोरचं भिंग बघितलं. तिला ते पटलं नाही हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तिने पाय उचललाही असता, पण तेवढ्यात सवाष्णींनी मुसळ उचललं होतं आणि त्या ओळीसाठी थांबल्या होत्या. ती हलली असती तर कार्याच्या तोंडावर गाणं अडलं असतं. आईने माझ्याकडे एक नजर टाकली, लहानपणी पाहुण्यांसमोर मला जशी गप्प करायची तशी, आणि पहिली ओळ धरली. देवाचं नाव, देवीचं नाव, मामाचं नाव. मग बाबांचं नाव आलं. तिथे तिचा आवाज दरवेळी खाली उतरतो, तसा उतरला आणि पुन्हा वर गेला.

लग्न झालं, भाची सासरी गेली, चाळ रिकामी झाली. दादा आईला घेऊन लालबागला भाड्याच्या घरात गेला. एका रविवारी मी गेले तेव्हा दादाच्या मोबाइलवर ते हळदीचं चित्रण लावून तो आईच्या हातात दिला आणि सांगितलं, "उभी राहा आणि हळूहळू फिर. तू फिरलीस की खोली फिरते."

खरं सांगते, मला भीती वाटत होती. ती रागावली असती तर तिचं चुकलं असंही म्हणता आलं नसतं.

ती आधी नवरीला बघत राहिली. "कशी गोड दिसता गो." मग फिरायला लागली. मोरी आली. मोरीवरची पितळेची घागर आली. दाराच्या वरची फळी आली. ती फळी कधीच कुठल्या फोटोत आली नव्हती, कारण फोटो काढणारा नेहमी तिच्याच खाली उभा असायचा. फळीवर बाबांची पत्र्याची ट्रंक होती. आमचं सगळं लहानपण त्या ट्रंकेखालून ये-जा करण्यात गेलं आणि मी ती विसरूनही गेले होते. गॅलरी आली, गॅलरीचा गुळगुळीत झालेला कठडा, त्यावर कुणाचा तरी टॉवेल. आई एकेकाचं नाव घेत होती, जशी गाण्यात घेते.

मग ती स्वतःसमोर आली. अख्खी. चौकटीवरच्या हाताचं एक बोट तेवढं सांध्यात गेलं होतं.

"पदर बघ कसो," एवढंच पुटपुटली. मग नवरीकडे वळली, पुन्हा स्वतःकडे, पुन्हा नवरीकडे. तिसऱ्यांदा वळली तेव्हा मला म्हणाली, "ह्यो सगळ्यो माझ्याकडेच बघतत."

मी तिच्या खांद्यावरून बघितलं. मुसळ धरलेल्या पाचही जणी, मागे दाटीने बसलेल्या बायका, पिवळ्या साडीतली भाची, सगळ्यांचे डोळे आईवर. पुढचं नाव कुणाचं, हे तिच्या ओठांवरून कळायचं होतं ना.

मी माझा मोबाइल काढला आणि माझी हळद लावली. माझ्या कॅसेटमध्ये आम्ही कॅमेऱ्याकडे बघत नव्हतो. नीट बघितलं तर आमची नजर भिंगाच्या जरा बाजूला होती, व्हिडिओवाल्याच्या कोपराकडे. तो ओरडत होता, आम्ही खाली बघत होतो आणि पुन्हा तिच्याकडे. इतकी वर्षं मी त्याला माझी पोज समजून हसत आले होते. ते मी आईला दाखवलं आणि मला रडू आवरेना.

आईने दोन्ही मोबाइल हातात धरले. एकात ती होती, एकात नव्हती, आणि दोन्हींत बायका एकाच जागी बघत होत्या.

"म्हंजे मी पाठी नव्हतंयच गो," ती म्हणाली.

"नव्हतीसच."

तिने डोळे पुसले, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि माझ्या हळदीचा मोबाइल पुढे केला. "ह्याच पयल्यापासून लाव. आता बघूया, कोण कोण बघी होता."