लढाईच्या सुऱ्याची आडपट्टी

दिवाळीनंतरचा रविवार. साकोलीच्या घरी हजर: आई, वहिनी आणि मी. काम एकच होतं, फौजेतून निवृत्त होऊन वर्षाच्या आतच गेलेल्या माझ्या भावाची पेटी आवरणं. कपडे झाले, कागद झाले. तळाशी त्याचा लढाईचा सुरा निघाला.

"त्याच्या हातची वस्तू आहे. भाजी चिरायले राहू दे," आई म्हणाली.

तिने लगेच पाटावर कांदा घेतला. पण मुठीपुढची लोखंडी आडपट्टी पाटाला अडली आणि पातं कांद्यावर नीट टेकेना.

"हे कायले लावलं बाई मधातच?"

भावाने मला सांगितलं होतं, तेच मी सांगितलं. सुरा भोसकताना हात घसरून आपल्याच पात्यावर जाऊ नये, म्हणून ही पट्टी असते. वहिनी उठून आत गेली.

आईने सुरा खाली ठेवला. "म्हणजे त्यानं कोणाले...?"

"माहीत नाही आई. मी कधी विचारलं नाही."

तिने कांदा पाटावरून उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "लोहाराकडून पट्टी कापून आण. मंग मी भाजीच चिरीन त्यानं."

तेव्हापासून लोहाराच्या दुकानावरून अनेकदा गेले. सुरा माझ्या पिशवीतच आहे. पट्टी अजून कापायची आहे.