घैसास सरांची पंगत

दुपारी कँटीनचा पुलाव जरा जास्तच झाला की प्रयोगशाळेत डोळे उघडे ठेवणं कठीण जातं. समोर नियतकालिकाच्या संपादकांना मेल लिहून तयार आहे, बोट ती पाठवायच्या कळीवर आहे आणि दाबायची हिंमत होत नाही. मजकूर अगदी थोडका: डॉ. घैसास आणि मी लिहिलेल्या शोधनिबंधात चूक आहे, तो मागे घ्यावा.

घैसास सर माझे गाईड. त्यांना जाऊन वर्ष होत आलं, पण त्यांच्या नावापुढचा संदर्भांचा आकडा वाढतोच आहे. सर गेल्याचं त्याला कुणी कळवलेलं दिसत नाही. जगभरातले लोक आमच्या त्या एकाच निबंधाचा हवाला देतात. पुढच्या आठवड्यातली माझी प्राध्यापकपदाची मुलाखतही त्याच्याच जोरावर आहे. आणि चूक काय, तर हसावं की रडावं! काही जनुकांची नावं मार्च-१, सेप्ट-२ अशी होती. स्प्रेडशीटनं त्यांच्या तारखा करून टाकल्या, आमच्या प्रोग्रॅमनं तारखा म्हणून त्या गाळल्या, आणि आम्ही अभ्यासलेल्या आजाराचं खापर भलत्याच जनुकावर फुटलं.

डोळे मिटतात. नाही, मिटत नाहीत. मी सर्व्हर रूमचं दार उघडते तर आत मंगल कार्यालय आहे. पंगत बसलीय. सर धोतर नेसून, कमरेला उपरणं बांधून जिलबी वाढत फिरताहेत. धोतरात मी त्यांना कधीच पाहिलेलं नाही.

"शाल्मली, उभी काय राहिलीस? तूप घे," ते म्हणतात. "आपला हवाला देणारे सगळे आलेत. सावकाश होऊ द्या हो मंडळी!"

मी तूप वाढू लागते. एका जपानी बाईंना, मग एका दाढीवाल्याला. कुणी मान वर करत नाही.

"चव कशी आहे?" मी विचारते.

"कुणास ठाऊक," दाढीवाला म्हणतो. "शेजारचे जेवताहेत म्हणून बसलो."

सर वारलेत हे मला आठवतं. पण वाढपी कमी आहेत, अशा वेळी तो विषय काढावा की नाही हे कळत नाही. दाराशी कोट घातलेले एक गृहस्थ अवघडून उभे आहेत.

"माझं नाव मार्च," ते हळूच सांगतात. "मला आत सोडत नाहीत. म्हणतात, तुम्ही तारीख आहात."

मी सरांना बोलवायला वळते तर कार्यालय कुठे आहे? हा विद्यापीठातला व्हायव्हाचा हॉल. पाहुणे खुर्च्यांवर बसून, पानं मांडीवर घेऊन जेवताहेत.

"सर, स्वयंपाक बिघडलाय. आपलाच. तुम्हाला माहीत होतं?"

"नव्हतं गं." ते हातातल्या ताटाकडे बघत राहतात. "किती जण जेवले?"

"मोजवत नाहीत."

"आकडा चांगला होता," ते म्हणतात आणि कसनुसं हसतात. मला त्यांची कीव येते, मग रागच येतो.

"भरल्या पानावरून माणसं कशी उठवू मी? तुमचं नाव जाईल, सर. माझंही."

"जेवले ते जेवले. ते बघ."

दाराबाहेर पुढची पंगत ताटकळत उभी आहे. सगळी कोवळी पोरं, खांद्याला लॅपटॉपच्या बॅगा. त्यांतल्या काहींना मी शिकवते.

"यांनाही हेच वाढणार?" सर विचारतात.

"तुम्हीच सांगा ना त्यांना."

"माझं कसं ऐकू जाणार?"

ते इतक्या सहज बोलतात की मला रडूच कोसळतं. मी तुपाची वाटी खाली ठेवते, पण जमीन लागतच नाही.

मान अवघडलीय. एसी चालू आहे, बाहेर लख्ख ऊन आहे, मेल तशीच उघडी आहे. उजव्या हाताची बोटं चमकताहेत. नाकाशी नेते तर ताज्या कढवलेल्या साजूक तुपाचा वास. आमच्या कँटीनमध्ये तूप औषधालाही मिळत नाही.

"मॅडम," शेजारच्या टेबलावरून माझी नवी विद्यार्थिनी कृत्तिका विचारते, "घैसास सरांचा निबंध धरूनच पुढे जाऊ ना?"

"थांब जरा," मी म्हणते आणि तुपाच्याच बोटानं कळ दाबते.