मामाचा पहिला बाजार

वऱ्हाडात दारू पिणारे मी पुष्कळ पाहिले, सोडणारेही चार-दोन पाहिले. पण माझ्या मधल्या मामाइतक्या मोठ्या आवाजात दारू सोडणारा माणूस आमच्या मुलखात दुसरा झाला नाही. पिताना मात्र तो गुपचूप प्यायचा. आपण पितो हे गावात कोणालाच ठाऊक नाही अशी त्याची समजूत होती, आणि त्याला उचलून घरी आणणारी माणसंसुद्धा ती समजूत जपायची.

मामाचं सगळंच भरून सांडणारं. आमच्याकडे भाचीनं मामाच्या पाया पडायचं नसतं, मामानं भाचीच्या पडायचं. बाकीचे मामा वाकल्यासारखं करतात आणि मोकळे होतात. हा आडवाच व्हायचा, आणि कुठंही. लग्न होऊन मी चिखलीला आले, अजून मान वर करून चालायची सोय नव्हती, तर हा भर बाजारात भाजीच्या दोन टोपल्यांच्या मधोमध माझ्यापुढे लांब झाला. भाजीवालीनं वांगी सरकवून त्याला जागा करून दिली. सासूबाई सोबत होत्या, त्यांनी मला घेऊन तडक घर गाठलं. आल्यावर म्हणाल्या, "तुह्या मामाले म्हण, घरी येऊन पडत जाय." तेव्हापासून बाजाराच्या दिवशी तो आधी आमच्याकडे यायचा. दारात खाकरायचा, मी लाजून पाय लुगड्यात ओढून घ्यायची, आणि तो ते शोधून काढायचा.

त्याच सुमारास मामी दुसरबीडला माहेरी निघून गेली. भांडली नाही, काही नाही. दोन लुगडी बांधली आणि सांगितलं, वर्षभर थेंब घेतला नाही असं कोणा जाणत्या माणसानं कळवलं तर येईन. मामानं त्याच दिवशी शपथ घेतली आणि तिसऱ्या दिवशी मोडली. एकट्यानं हे व्हायचं नाही, एवढं त्याला कळलं. दारू सोडलेली माणसं कुठंतरी एकत्र बसतात, एकमेकांना धरून राहतात, असं त्यानं ऐकलं होतं. पण कुठं, ते कोणी सांगेना. देवळात विचारलं, कचेरीत विचारलं. वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुरातून चाले; कचेरीतल्या कारकुनानं सांगितलं, नागपूरचं सरकार दारू विकायचं लायसन देते, सोडायचं देत नाही. शेवटी जिथं नक्की माहीत असणार तिथं मामानं विचारलं, म्हणजे दारूच्या दुकानात. दुकानदारानं बिनचूक पत्ता दिला: सरकीच्या गोदामामागं, बाजार उठायच्या आधी. वर म्हणाला, "माही पाच गिऱ्हाइकं तिकडंच गेली. तू बी चालला का बे?"

बैठक एक पेन्शनीतले मास्तर चालवायचे. कधीकाळी भर वर्गात टेबलाखाली झोपलेले, म्हणून अधिकारी माणूस. बैठकीची रीत अशी की बेलाचं पान आणि भंडारा हातात घ्यायचा, आणि हा आपला कितवा कोरडा बाजार ते सांगायचं. कारण आमच्याकडे माणूस घसरतो तो बाजाराच्याच दिवशी. मग मनातलं दोन शब्द बोलायचं. पहिल्या दिवशी मामाचे दोन शब्द कंदील लावायची वेळ झाली तरी संपले नव्हते. दारूचं संपल्यावर त्यानं लहानपणी चोरलेले पेरू कबूल केले. ते संपल्यावर शेजाऱ्यानं चोरलेले. दुसऱ्याची पापं इथं सांगायची नाहीत, हा नियम मास्तरांनी त्यानंतर घातला.

पण मामा टिकला. मास्तर महिन्याच्या महिन्याला दुसरबीडला कार्ड टाकत. अठरा बाजार झाले. आमच्या सासूबाईसुद्धा मोजायला लागल्या होत्या.

मग पोळा आला. पोळ्यानंतरच्या बाजाराला मामा दारात आला तो खाकरला नाही. उभाच राहिला. मी पाय ओढून घेतले नाहीत, आणि तो वाकला नाही.

"काऊन हो मामा?"

"आज तुह्या पायाले हात नाही लावत, माय. पोळ्याले पेलो."

पाहिलं कोणी नव्हतं. गोठ्यात बैल होते तेवढेच. खोटं कशाला सांगू, मीच म्हटलं, एकोणिसावा म्हणून सांगून टाका, कोणाला कळणार आहे. नाहीतर मामीचं येणं पुन्हा वर्षावर जाईल.

"बेल हातात घेऊन?" एवढंच मामा म्हणाला आणि गेला.

गोदामामागं त्याची पाळी आली तेव्हा त्यानं "पहिला" म्हटलं आणि तो खाली बसला. मास्तर सांगायचे, इतकं थोडक्यात तो जन्मात एकदाच बोलला. झालं ते सगळं त्यांनी कार्डावर जसंच्या तसं लिहिलं आणि दुसरबीडला धाडलं.

पंधरा दिवसांनी मामी मोटारीतून चिखलीला उतरली, तीच दोन लुगडी घेऊन. आमच्याकडे चहा घेतला. मी विचारलं, मामी, वर्ष कुठं झालं अजून? तिनं कपबशी खाली ठेवली.

"यायनं दारू पहिले बी सोडली व्हती, लय खेपा. पण पेलो म्हून आपल्या तोंडानं कधी सांगतलं नव्हतं."

पुढं मामा आणखी एकदा पहिल्यावर आला. त्यानंतर मात्र शेवटपर्यंत मोजत गेला. अखेरच्या दुखण्यातही भेटायला येणाऱ्याला आधी आकडा ऐकावा लागायचा, मग तब्येत. आता तो नाही, मामी नाही, गोदामाच्या जागी दुसरंच काही उभं आहे. मी या वयात कोणाला पाया पडू दिलं तर वावगं नाही म्हणतात. पण अजून बाजाराच्या दिवशी दारात कोणी खाकरलं की माझे पाय आपोआप लुगड्यात जातात. पाहते तर भलतंच कोणी असतं. मग हळूच परत बाहेर काढते.