डिकीतली ओटी

द्राक्षाच्या मळ्यात बायकाबायकांनी जाऊन राहायची फॅशन आमच्या शहरात कुणी आणली मला माहीत नाही. जिने आणली तिला एकदा गाठायचं आहे. "आता तरी जगून घेऊ गं," असं म्हणून आमच्याकडे हल्ली काहीही खपवतात. जशा काही आजवर आम्ही सरणावर होतो आणि नाशिकच्या वाइनचा शिपका मिळाला की उठून बसणार होतो.

आम्ही चौघी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनच्या. एक उस्मानपुऱ्यात राहते, तिच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान आहे. दुसरी दातांची डॉक्टर. तिसरी बँकेत. मी मुकुंदवाडीत राहते आणि शाळेत गणित शिकवते. बेत उस्मानपुरेवालीनं काढला. शनिवारी मळ्यावर मुक्काम, रविवारी सकाळी वणीच्या देवीचं दर्शन, संध्याकाळपर्यंत घरी. मला आग्रह का झाला हे मी ओळखून होते. गाडी माझी, आणि मी पीत नाही. "तू आहेस म्हणून टेन्शन नाही," डॉक्टरीण म्हणाली. हे कौतुक नव्हतं, ड्रायव्हरची नेमणूक होती, आणि मी मूर्खासारखी खूश झाले.

मी का पीत नाही ते सांगते. माझे वडील पैठण रोडवर कंपनीची बस चालवायचे, चितेगावच्या कामगारांची ने-आण करायची. रोज संध्याकाळी प्यायला बसायचे. बाटली संपत आली की पेला आईपुढं करायचे आणि लहान पोरासारख्या आवाजात विचारायचे, "अजून हाय का गं?" आधी नोकरी गेली, मग लिव्हर, मी दहावीत असताना ते गेले. आई फार रडली नाही. मला समोर बसवून म्हणाली, "चाखायची बी नाय. तुझ्यात त्याचं रक्त हाय. एकदा जिभेला लागली की तू बी तशीच जाशील." या वाक्याचा मला कित्येक वर्षं राग होता. शाळेत पहिला नंबर काढणाऱ्या पोरीला कुणी असं बोलतं का? पण शब्द दिला आणि पाळला. आता आई नाही. पौर्णिमेला विहारात मी पुढं बसून पंचशील सांगते, बायका मागून म्हणतात. पाचवं शील दारूपासून लांब राहण्याचं. ती ओळ माझ्या तोंडून जरा मोठ्यानंच निघते. आईचं ते वाक्य मी जगात फक्त या तिघींना सांगितलं होतं.

शनिवारी पहाटे उस्मानपुऱ्यात गाडी लावली तर मैत्रिणीची सासू पिशवी घेऊन फाटकातच उभी. वर्षभरापूर्वी मैत्रिणीच्या छातीत गाठ आली होती. सगळ्यांची तोंडं उतरली होती. तेव्हा या म्हातारीनं वणीच्या देवीला नवस केला की सून बरी निघाली तर ओटी भरीन. गाठ साधी निघाली. पिशवीत हिरवं लुगडं होतं, खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. या घरात मी यायला लागले तेव्हा माझा कप वेगळा ठेवला जायचा, मला ते कळायचं आणि म्हातारीलाही कळायचं की मला कळतंय. तो कप कधी बंद झाला ते आठवत नाही. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. त्या दिवशी तिनं पिशवी सुनेच्या नाही, माझ्या हातात दिली.

"माझे गुडघे गेले, नायतर मीच गेले असते. उद्या ओटी भरली की फोन लाव. उद्या उठल्यापासून तवर मी पाण्याबिगर काय घेत नाय."

"आई, तुमची साखरेची गोळी असते ना?"

"देवी बघंल. तू फकस्त फोन लाव."

मळ्याबद्दल घरी कुणीच काही बोललेलं नव्हतं. वणीला तर जाणारच आहोत, मग बाकीचं कशाला सांगा, असं ठरलं होतं. मीही मान हलवली. पिशवी डिकीत ठेवली.

वैजापूर, येवला करत आम्ही मळ्यावर पोचलो. तिघींनी वाटेतच गोल टोप्या चढवल्या होत्या, लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी फेटे बांधावेत तशा. लाकडी पिंपांपुढं फोटो, वेलीखाली फोटो, रिकामा पेला उन्हात धरून फोटो. तिथल्या माणसानं पेल्यात नाक घालायला शिकवलं आणि सांगितलं, यात तुम्हाला ओल्या मातीचा आणि चामड्याचा वास येईल. "हो हो, चामडं!" बँकवाली ओरडली. तिच्या पायातल्या सँडलचाही असेल. आमच्या गल्लीत ज्या वासानं पोरं घरात लपायची, त्या वासाला इथं माहितगार माणूस ठेवला होता. मी लिंबूपाणी पीत बसले. रात्री तिघी गाणी म्हणत होत्या, मी झोपून गेले.

रविवारी मी आंघोळ करून गाडीपाशी उभी राहिले. तिघी उशिरा उठल्या. मग लांबलचक नाश्ता. मग म्हणे कालची एक राहिली होती, ती चाखू. मी दोनदा आठवण केली. "देवी कुठं पळून चाललीय?" उस्मानपुरेवाली म्हणाली. दुपारच्या जेवणाला बसलो तेव्हा तिच्यापुढं तिसरा पेला होता आणि तिनं जाहीर केलं, "आता उन्हात गड नको यार. नारळ नि पेढे खाली रस्त्यावर घेऊ. आईंना काय कळतंय?"

"आणि ओटी?"

"भरू ना घराजवळ कुठंतरी. देव्या सगळ्या सारख्याच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आयजीच्या जिवावर बायजी उदार! नवस त्यांचा, उपास त्यांचा, गाठ तुझी, आणि तू इथं चामड्याचे वास घेत बसलीस? ती बाई सकाळपासून उपाशी आहे!"

"तुला काय पडलंय एवढं? तू तर देवीला मानत नाहीस."

"नाही मानत. म्हातारीला शब्द दिलाय."

"आली मोठी शब्दवाली," ती म्हणाली. डॉक्टरीण उठून आत गेली आणि एक उंच ग्लास घेऊन आली. त्यात बर्फ, संत्र्याच्या फोडी, सफरचंदाचे तुकडे, वर पुदिना. "हे घे, थंड हो. फळांचा रस आहे. तुझ्यासाठी मुद्दाम करून घेतलाय."

देशीचा वास मी गल्लीच्या टोकावरून ओळखते. पण त्या ग्लासात संत्र्याचा आणि पुदिन्याचाच वास होता, घसा सुकला होता, आणि मी रागात होते. जवळजवळ एका दमात संपवला. गोड होता, थोडा तुरट, घशातून उतरताना काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं. मी म्हणाले, "छान आहे गं. अजून मिळेल का?"

तिघी फुटल्या. उस्मानपुरेवाली टेबलावर हात आपटून हसत होती आणि डॉक्टरीणबाईंच्या हातात मोबाईल होता, माझ्याकडं रोखलेला. "अजून मिळेल का म्हणते! मास्तरीणबाई! अगं, वाइन आहे ती, फळं घातलेली!"

मी ग्लास खाली ठेवला. बेसिनपाशी जाऊन चुळा भरल्या. पोटात गेलेलं चुळांनी निघत नाही हे मला कळत होतं, तरी भरत राहिले. परत आले तरी हसणं चालूच होतं.

"गंमत केली गं. एका ग्लासानं काय होतं? कुणाला कळणारे?"

मी गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. "गाडी मी चालवणार नाही."

"म्हणजे?"

"मी प्यायलेय. तुम्हीच पाजलीत. प्यायलेल्या माणसानं गाडीला हात लावायचा नाही. ड्रायव्हरच्या घरात वाढलेय मी, मला हे कुणी शिकवायला नको."

"अब क्या?" बँकवाली म्हणाली. हसणं एकदम विझलं. त्या तिघी सकाळपासून पीत होत्या. मला ते बघून बरं वाटलं, अगदी खोलवर बरं वाटलं, आणि ते मी लपवणार नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. म्हातारीचा. सून फोन उचलत नव्हती म्हणून मला लावला होता. उस्मानपुरेवालीनं दोन्ही हात जोडले. ओठांनीच म्हणाली, हो म्हण, भरली म्हण. मी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"झाली का गं ओटी भरून? ही फोन उचलंना."

"नाही, आई."

"गर्दी हाय का लई?"

"गर्दी नाही. आम्ही गडावर गेलोच नाही. द्राक्षाच्या मळ्यात आहोत, वाइन करतात तिथं. ओटी डिकीत आहे."

मैत्रिणीनं माझं मनगट धरलं. नखं रुतली.

"ती प्यालीय का?"

"हो."

"आन् तू?"

हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. आईनंही नाही. "हो, आई," मी म्हणाले. "फसवून पाजली. पण पोटात गेली."

"मग आता गडावर जाऊ नका. तसल्या तोंडानं माझी ओटी देवीम्होरं न्यायची नाय. पिशवी माघारी आण. तू आण, तिच्या हातात देऊ नको." मग आवाज बारीक झाला. "आन् मी जेवू का गं? चक्कर यायलीय."

"जेवा आई. आत्ता जेवा. गोळी घ्या."

"बरं. तू म्हणती तर जेवते."

फोन बंद झाल्यावर मैत्रीण माझ्यावर तुटून पडली. एक हो म्हणायला माझं काय जात होतं, मी तिचं घर मोडलं, मला पहिल्यापासूनच तिचं सुख बघवत नाही. शेवटी म्हणाली, "तुम्हा लोकांना आमचे नवससायास काय कळणार!" डॉक्टरीण आणि बँकवाली ताटांकडं बघत राहिल्या. तीस वर्षांत हे 'तुम्हा लोकांना' तिनं कुठं जपून ठेवलं होतं कोण जाणे. फार शोधाशोध करावी लागली नाही एवढं खरं.

"ज्या नवसाचा नारळ तू रस्त्यावर विकत घेणार होतीस, तो ना?" मी म्हणाले आणि उठले.

मळ्याच्या मॅनेजरनं शेजारच्या गावातून ड्रायव्हर बोलावून दिला. मी पुढं बसले, मांडीवर पिशवी. येवल्यानंतर मागं एकमेकींत कुजबुज सुरू झाली. मी रेडिओ लावायला सांगितला.

उस्मानपुऱ्यात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. म्हातारी फाटकात होती. सून बाजूनं आत निघून गेली, तिच्याकडं तिनं पाहिलंही नाही. पिशवी घेतली, नारळ काढला, कानाशी नेऊन हलवला, पाणी वाजतंय ना बघितलं आणि परत ठेवला. "जेवून जा," मला म्हणाली. मी स्वयंपाकघरात बसून भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली. आतल्या खोलीचं दार बंद होतं. पुढच्या रविवारी मीच म्हातारीला वणीला नेलं. ती रोपवेनं वर गेली, मी खाली चहा पीत बसले.

ग्रुप मी सोडला. मग उस्मानपुरेवालीचा निरोप आला, "व्हिडिओ डिलीट केलाय. आता तरी बोल." मी उत्तर दिलं नाही. माझा नेम मोडला म्हणून मी रुसलेय, असं तिला वाटतं. विहारातल्या एका वयस्कर बाईंना मी सगळं सांगितलं तेव्हा त्याही म्हणाल्या, नकळत घडलं ते मोडणं नव्हे. ते मलाही माहीत आहे. ते दुखणं नाही.

दुखणं असं, की मला ती आवडली. डिलीट करायच्या आधी डॉक्टरणीनं तो व्हिडिओ मला पाठवला होता, आणि मी तो पाहिला. ग्लास पुढं करून मी विचारतेय, अजून मिळेल का. आवाज लहान पोरासारखा. तो आवाज मी ओळखते. तो रोज संध्याकाळी आमच्या घरात यायचा. तीस-पस्तीस वर्षं मी आईवर मनातून चिडून होते की तिनं माझ्या रक्तावर संशय घेतला. ते रक्त मी कधी तपासलं नव्हतं, आणि न तपासता जगायचा मला हक्क होता. तो या तिघींनी हसता हसता काढून घेतला. त्यानंतर शाळेतून येताना संत्र्याच्या गाडीपाशी दोनदा माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि ते संत्र्यासाठी नव्हतं.

परवाच्या पौर्णिमेला मी पुढं बसले नाही. बायकांच्या रांगेत बसले, दुसऱ्या बाईनं पंचशील सांगितलं आणि मी मागून म्हटलं. पाचवी ओळ आली तेव्हा शेजारणीनं वळून पाहिलं, इतक्या जोरात म्हटली. इतकी वर्षं ती ओळ मी आईला दिलेला शब्द म्हणून म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःसाठी म्हटली, कारण काय नाकारतेय ते आता मला चवीसकट माहीत आहे. याबद्दल त्या तिघींचे आभार मानायला मी जाणार नाही.